धरणांच्या तालुक्यातले पाहुणे

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गेलेल्या गाडीची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रूळ १८५४ मध्ये कल्याणला पोहोचले आणि १ ऑक्टोबर १८५५ ला वाशिंदला. तिथे ते थांबले. आसनगावपर्यंतचा तुकडा सुरू व्हायला १८६० चा फेब्रुवारी उजाडला, कसारा १ जानेवारी १८६१ ला जोडला गेला आणि घाट चढून गाडी इगतपुरीला गेली ती १८६५ मध्ये. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ मुंबईहून नाशिक-खानदेशाकडे निघालेल्या माणसाची गाडी शहापूर तालुक्यातल्या आमच्या वाशिंदला संपायची. सामान उतरवायचे, बैलगाडी ठरवायची आणि घाटाच्या वाटेला लागायचे.

तेव्हा बँकॉकला रेल्वे यायला जवळपास चाळीस वर्षे बाकी होती. सयामातली पहिली, पाकनामची लाइन १८९३ ची. जावात पहिली गाडी धावली १८६७ मध्ये. आज वाशिंदच्या फलाटावर पाठीला सॅक लावून बँकॉक, पिनांग, बालीकडे निघालेली पोरं-पोरी दिसतात तेव्हा मला या सनावळ्या आठवतात. परगावच्या वाटसरूंना उतरवून घेणे, पुढची वाट दाखवणे हे या गावाने फार आधी केले आहे. आता गावाची पाळी वाटसरू होण्याची आहे.

निघणारे कोण, तर कुणी इथल्याच पत्र्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो, कुणी ऐरोलीला आयटीत आहे, कुणी शहापूरच्या पतपेढीत, एखादी भिवंडीच्या गोदामात हिशेब बघते. बहुतेकांच्या घरी अजून भाताची खाचरे आहेत आणि आवणीच्या दिवसांत रजा टाकून चिखलात उतरावे लागते. बेत शिजतात ते लोकलच्या डब्यात. मागच्या पिढीचा मोठा प्रवास म्हणजे पंढरपूर, अष्टविनायक, फार तर चारधाम. आणि परदेश म्हणजे टूर कंपनीची बस, सोबत आचारी, रात्रीच्या जेवणाला वरणभात. त्या सहलींनी असंख्य मराठी माणसांना पहिल्यांदा समुद्रापार नेले, त्यांचे ऋण मानायला हवे. पु. लं.च्या ‘पूर्वरंग’ने त्याआधीच आग्नेय आशिया मराठी घरांत आणून ठेवला होता. पण वाचलेला मुलूख वेगळा आणि चार मित्रांनी पैसे साठवून, झोपायला डॉर्मिटरीतली बाजेएवढी जागा घेऊन, पायाखालून घातलेला मुलूख वेगळा.

दारे उघडली ती अगदी अलीकडे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, मलेशियाने पाठोपाठ १ डिसेंबरपासून. व्हिएतनामचा ई-व्हिसा त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून नव्वद दिवसांचा झाला. फिलिपिन्सने जून २०२५ पासून चौदा दिवस मोकळीक दिली. वाशिंदच्या मुलाला यातला सर्वांत अवघड टप्पा घराजवळचाच वाटतो: पासपोर्टसाठी ठाण्याची चक्कर, मग पोलीस पडताळणी, आणि ‘एवढे पैसे घालवून तिकडे आहे तरी काय’ या घरातल्या प्रश्नाला द्यायचे उत्तर. ते एकदा पार पडले की घाटकोपरला उतरून मेट्रो आणि तिथून विमानतळ.

अशा भटकंतीचा इतिहास आपल्या किनाऱ्यालाही लागून गेला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत हिप्पी पोरं काठमांडूला आणि गोव्याला येत. हणजुण्याच्या घरांनी त्यांना खोल्या दिल्या. त्याच वाटेने आलेल्या टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ मध्ये लोन्ली प्लॅनेटचे पहिले पुस्तक काढले आणि १९७५ मध्ये आग्नेय आशियाचे. पुढची कित्येक वर्षे पाठीवर सॅक असलेला गोरा पोरगा त्या पुस्तकावर विसंबून आशियात फिरला. बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर पूर्वी तांदळाचा व्यापार चाले. ऐंशीच्या दशकापासून तिथे स्वस्त खोल्यांची रांग लागली. या साऱ्या काळात आपण पाहणारे होतो, खोली देणारे होतो. सॅक आपल्या पाठीवर यायला पन्नास वर्षे लागली.

पण सॅक पाठीवर कशी घ्यायची ते आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. माहुलीचा किल्ला वाशिंदच्या पलीकडे, आसनगावपासून जवळ. तानसा अभयारण्याच्या कडेला उभे असलेले ते सुळके लोकलमधून रोज दिसतात. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा डाव याच गडावरून लढवला. आमच्याकडच्या पोरांची पहिली रात्र घराबाहेर जाते ती अशाच एखाद्या गडावर, नाहीतर मुरबाडकडच्या गोरखगडाच्या गुहेत, सिद्धगडावर किंवा नाणेघाटात. एकाच पातेल्यात खिचडी, एकाच चादरीवर तिघे, पाणी मोजून प्यायचे, दमलेल्याचे ओझे न बोलता वाटून घ्यायचे. बँकॉकच्या डॉर्मिटरीत आठ अनोळखी माणसांत झोपताना आम्हाला अवघडल्यासारखे झाले नाही ते यामुळे. सह्याद्रीत चार पावसाळे काढलेल्या मित्रांनी जावे, एवढेच मी या प्रवासाची तयारी विचारणाऱ्याला सांगतो. परक्या मुलखात दुसऱ्या दिवशी मैत्री विटते ती पैशावरून आणि थकव्यावरून, आणि या दोन्हींची परीक्षा गडावर आधीच झालेली असते.

आम्ही चौघे बँकॉकहून दक्षिणेला निघालो ते रेल्वेने. कसारा लाइनच्या माणसाने दुसरे काय करावे! जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवात या प्रचंड नव्या स्थानकावरून सुटतात. गाडी मीटरगेज. संध्याकाळी कर्मचारी येतो आणि समोरासमोरच्या दोन आसनांची खालची बर्थ करतो, वरची भिंतीतून उघडतो, स्वच्छ चादर घालून हिरवा-निळा पडदा लावतो. खालची बर्थ जास्त रुंद, म्हणून तिकीटही थोडे जास्त. गाडीत दारूला बंदी आहे आणि ती पाळली जाते. पहाटे खिडकीतून भाताची शेते, नारळी, मध्येच चुनखडीचे उभे डोंगर. आमच्यातला एकजण बराच वेळ शेतांकडे बघून म्हणाला की इथे राब भाजलेला कुठे दिसत नाही. घरी त्याच सुमाराला पालापाचोळा आणि शेण जाळून रोपांची जमीन भाजायची तयारी चालू असणार होती.

जेवणाची काळजी घरच्यांना होती, आम्हाला नव्हती. आगरी-कुणबी घरात वाढलेल्या माणसाला तांदूळ, सुके मासे, मिरची आणि आंबट यांत परके काय वाटणार? थायलंडच्या बाजारात सुकवलेल्या बारीक कोळंबीचे ढीग पाहून आमच्या मैत्रिणीने मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि विकणारीकडे बघून हसली. तिच्या आजीच्या घरी सुकट-जवळा पावसाळ्यासाठी असाच डब्यात भरून ठेवतात. शाकाहारी मित्रांना मात्र इथे खरी अडचण होते, माशाचा रस आणि कोळंबीची पेस्ट जवळजवळ सगळ्यात असते. त्यांनी बौद्ध शाकाहारी खानावळींची पिवळी-लाल पाटी ओळखायला शिकावे.

क्राबीहून बोटीने फी फीच्या बेटांवर गेलो. सगळ्यांना बघायचे असते ते माया बे. २००० साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटाने हा चिमुकला किनारा जगाला दाखवला आणि पुढे दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसे तिथे उतरू लागली. बोटींच्या नांगरांनी आणि पंख्यांनी प्रवाळ मोडले. १ जून २०१८ ला थायलंडच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने किनारा बंद केला. आधी काही महिन्यांसाठी म्हणून. प्रत्यक्षात तो उघडला जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी प्रवाळाचे तुकडे हाताने पुन्हा लावले, काळ्या टोकाचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले. आता बोटी मागच्या लो समा खाडीत लागतात, लाकडी वाटेने चालत यायचे, ठरावीक लोकांनी ठरावीक वेळ थांबायचे, गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनारा दरवर्षी पूर्ण बंद.

शिट्टी वाजवून लोकांना पाण्याबाहेर बोलावणारा पहारेकरी पाहिला आणि मला माळशेज आठवला. जुलैतल्या रविवारी मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता पाहा: धबधब्याखाली मोटारी आडव्या लावलेल्या, दारूच्या बाटल्या फुटलेल्या, मागे अडकलेली एस.टी. आणि त्यात दवाखान्यात निघालेली बाई. दरवर्षी जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाईचे आदेश काढते, पोलीस उभे करते, पावसाळा सरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शनिवार-रविवारी आमच्या तालुक्यात येणाऱ्या पाहुण्यांबद्दल इथे राहणाऱ्यांच्या मनात काय असते ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या किनाऱ्यावर मात्र पाहुणे आम्ही होतो. लांब शेपटीच्या बोटीवर बसलेला म्हातारा नाखवा आमच्याकडे ज्या शांत नजरेने बघत होता, ती नजर मी माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यांवर पाहिली आहे. फिलिपिन्सने २०१८ च्या एप्रिलमध्ये बोराकाय हे अख्खे बेट सहा महिने पर्यटकांना बंद केले होते, कारण हॉटेलांचे सांडपाणी थेट समुद्रात जात होते. माळशेजसाठी एखाद्या पावसाळ्यात असे धाडस करायला आपल्याकडे कुणी तयार होईल का, हे मला खरेच जाणून घ्यायचे आहे.

तिथून पादांग बेसारला सरहद्द ओलांडून पिनांग. जॉर्जटाउन २००८ पासून जागतिक वारशात आहे, चिनी कुळांची सभागृहे, मशिदी, तमिळ देवळे एकाच रस्त्यावर. दोन दिवस पाय दुखेपर्यंत फिरलो. छान शहर आहे, पण त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे.

मला लिहायचे आहे ते मलेशियाच्या जोहोर राज्याला सिंगापूरशी जोडणाऱ्या पुलाबद्दल. हा भरावाचा रस्ता, कॉजवे, १९२४ मध्ये पूर्णपणे खुला झाला. साधारण एक किलोमीटर लांब. त्यावर रेल्वे, रस्ता, आणि बाजूने पाण्याचे जाडजूड नळ. बसच्या खिडकीतून ते नळ दिसले आणि आम्ही चौघेही एकदम गप्प झालो. तानसा धरणातून मुंबईला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेने आम्ही सायकली चालवल्या आहेत, त्यांच्यावर बसून परीक्षेचा अभ्यास केला आहे. आमच्या भागातल्या पोरांना तो नळ म्हणजे बालपणाचा भाग आहे.

सिंगापूर हे मुंबईसारखेच बेट आणि मुंबईसारखेच तहानलेले. १९६२ च्या करारानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलता येते, २०६१ पर्यंत. भाव हजार गॅलनला तीन मलेशियन सेन. शुद्ध केलेले काही पाणी जोहोरला परत मिळते, हजार गॅलनला पन्नास सेनने. हा भाव बदलावा म्हणून मलेशिया वर्षानुवर्षे भांडत आहे आणि सिंगापूर कराराकडे बोट दाखवत आहे. पाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची धास्ती त्या शहराने प्रत्यक्ष भोगली आहे: जानेवारी १९४२ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजांनी कॉजवे उडवला तेव्हा नळही तुटला, आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले त्यामागच्या कारणांत पाणी संपत आल्याचे एक होते. म्हणून आज ते शहर पावसाचा थेंब अडवते, समुद्राच्या तोंडाशी मरिना बराज बांधून गोड्या पाण्याचा तलाव करते, सांडपाणी शुद्ध करून ‘न्यूवॉटर’ या नावाने पुन्हा वापरते, समुद्राचे पाणी गोडे करते. २०६१ ची तयारी शाळेतल्या मुलांच्या सहलींपासून चालू आहे.

आता आमच्या तालुक्याचे बघा. मुंबईने १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी बांधले. ते पुरेनात म्हणून शहर शहापूरकडे वळले आणि १८९२ मध्ये तानसा झाले. मग वैतरणेवरची धरणे, मग भातसा. मुंबईच्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा आज एकट्या भातसाचा आहे. तीच भातसा नदी वाशिंदवरून वाहत पुढे पिसे बंधाऱ्याकडे जाते, तिथून पाणी उचलून पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईला. आणि दर उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. नळ गावाच्या कडेने जातो आणि बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. मुरबाडला काळू नदीवर धरण बांधायचे ठरले तेव्हा तिथल्या आदिवासी गावांनी इतका कडवा विरोध का केला, हे समजायला शहापूरला एक मे महिना काढला तरी पुरे.

जोहोर आणि शहापूर यांत फरक आहे तो कराराचा. जोहोरजवळ कागद आहे, त्यावर भाव आहे, मुदत आहे, परत मिळणाऱ्या पाण्याचा आकडा आहे. तो अपुरा असेल, पण त्यावर भांडता येते. आमच्या पाड्यांजवळ भांडायला असा कागद नाही. सिंगापूरच्या त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही उशिरापर्यंत याच विषयावर बोलत बसलो. सुट्टीवर आलेल्या मित्रांनी गप्पा मारायचा हा विषय नव्हे असे कुणी म्हणेल. पण समोर लखलखते शहर आणि त्याच्या तहानेचा हिशेब नुकताच डोळ्यांनी पाहिलेला. आम्ही दुसरे काय बोलणार होतो?

शेवटचा मुक्काम बालीला. विमानतळाजवळचा दक्षिण किनारा आम्ही लवकर सोडला. तिथे हॉटेलांच्या गर्दीत भूजल खाली चालले आहे आणि शेते बंगल्यांखाली जात आहेत. हे चित्र महामार्गालगतच्या आमच्या गावांना नवे नाही. आम्ही गेलो जातिलुविहला. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, २०१२ पासून जागतिक वारशात. तिथल्या ‘सुबाक’ या व्यवस्थेबद्दल आमच्या प्रत्येक शेतकऱ्याला कळायला हवे. एका पाटावर अवलंबून असणारे सगळे शेतकरी एका सुबाकचे सभासद. आवणी कधी, पाणी कुणाला किती, शेत कधी मोकळे ठेवायचे, हे सभेत आणि पाण्याच्या देवळात ठरते. सगळ्यात वरचे देऊळ बातुर सरोवराच्या देवीचे. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीच्या नावाखाली सरकारने ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा सुधारित भात लावावा असा आग्रह धरला. देवळाचे वेळापत्रक मोडले आणि तपकिरी तुडतुड्यांनी पिकेच्या पिके खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने नंतर दाखवून दिले की सगळ्या खोऱ्याने एकाच वेळी शेते पडीक ठेवली की किडीला राहायला जागा उरत नाही, आणि देवळाचे वेळापत्रक नेमके हेच साधत होते.

आमच्यातल्या नाशिककडे मामा असलेल्या मित्राला लगेच फड आठवला. धुळे-नाशिक पट्ट्यात पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षे फड पद्धतीची शेती चालली: बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि निर्णय सगळ्या गावाचा. वर मोठी धरणे झाली आणि बहुतेक फड सुकले. बालीचे सुबाक अजून जिवंत आहेत, पण पर्यटक जो भात बघायला येतात तोच भात त्यांच्या हॉटेलांसाठी मागे सरकतो आहे. हे बघताना आम्हाला खूप वाईट वाटले. आम्हीही त्या हॉटेलांपैकी एकात झोपणार होतो.

फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया घेते. आपले साधारण आठशे रुपये. पैसे बेटाची संस्कृती आणि निसर्ग जपायला वापरायचे असे ठरलेले आहे. मला हे योग्य वाटते, आणि मुरबाडच्या माणसाला तर यात नवल वाटूच नये. नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून व्यापारी कल्याणहून जुन्नरकडे चढत होते आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरा सांगते. वाट वापरणाऱ्याने वाटेसाठी काही द्यावे, हा हिशेब आमच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. आज माहुलीच्या पायथ्याला प्रवेशशुल्क घेतात तेव्हा हुज्जत घालणारे भेटतात. बालीला आठशे रुपये निमूट भरून आलेल्यांनी तरी ती घालू नये.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. नोव्हेंबर ते एप्रिल थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनारा, क्राबी आणि फी फी, कोरडा आणि शांत असतो; सामुई, फांगान या बेटांकडे मात्र दिवाळीच्या सुमाराला पाऊस कोसळतो. बालीचा पावसाळा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आणि न्येपी या तिथल्या मौनाच्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद राहतो, तिकीट काढण्याआधी तारीख बघा. थायलंडला जाण्यापूर्वी आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो, मे २०२५ पासून. व्हिसाचे नियम सतत बदलतात, ते निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतोच. जोहोर बाहरूहून बसने जा, विमानाने नको, म्हणजे नळ दिसतील.

आणि तुम्ही मुंबई-ठाण्याचे असाल आणि मार्च ते जूनमध्ये आमच्याकडे माहुलीला येणार असाल, तर प्यायचे पाणी घरून भरून आणा.